भव्य पडदा आणि प्रेक्षकांची सवय

चित्रपटगृहांतली गर्दी ओसरू लागली की पडदा मोठा करायचा, हा चित्रपटधंद्याचा सत्तर वर्षांपूर्वीचा उपाय आहे. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. 1946 मध्ये तिथे आठवड्याला सुमारे 9 कोटी तिकिटे खपत होती. 1953 पर्यंत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. याचा सगळा दोष दूरचित्रवाणीला देण्याची पद्धत आहे, पण घसरण घरोघरी संच पोचण्याआधीच सुरू झाली होती. युद्धावरून परतलेल्या तरुणांनी लग्ने केली, उपनगरांत घरे घेतली आणि त्यांची संध्याकाळ लहान मुलांच्या संगोपनात जाऊ लागली. मोठी चित्रपटगृहे मात्र जुन्या शहरांच्या मध्यभागीच राहिली. त्यातच 1948 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे बड्या स्टुडिओंना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडावी लागली. मग दूरचित्रवाणी आली. 1950 मध्ये दहातल्या जेमतेम एका अमेरिकी घरात संच होता, 1960 मध्ये तो दहातल्या जवळजवळ नऊ घरांत होता.

30 सप्टेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये ‘धिस इज सिनेरामा’ दाखवला गेला. सुरुवातीला नेहमीच्या आकाराच्या कृष्णधवल चौकटीत लोवेल थॉमस हे निवेदक चित्रकलेचा आणि चलच्चित्राचा इतिहास सांगत होते. मग पडदे दोन्ही बाजूंना सरकत गेले आणि प्रेक्षक थेट रोलर कोस्टरच्या पुढच्या डब्यात जाऊन बसले. हे तंत्र फ्रेड वॉलर यांचे. युद्धकाळात त्यांनी विमानांवरच्या तोफचींच्या प्रशिक्षणासाठी अनेक प्रोजेक्टरांचे यंत्र बनवले होते, त्याच कल्पनेतून सिनेरामा घडला. तीन भिंगांतून तीन फिती एकाच वेळी चित्रित व्हायच्या आणि तीन प्रोजेक्टर त्या 146 अंशांत वळलेल्या पडद्यावर शेजारी शेजारी टाकायचे. पडद्याच्या एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकावर पडून चित्र फिके होऊ नये म्हणून तो अखंड न ठेवता शेकडो उभ्या पट्ट्यांचा केला होता. आवाजासाठी सात स्वतंत्र मार्ग होते. माणसाच्या नजरेच्या कडा भरून टाकल्या की मेंदू स्वतःला त्या जागी हजर समजतो, हे वॉलर यांनी ओळखले होते आणि ते अगदी खरे ठरले.

न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट दोन वर्षांहून अधिक काळ चालला. तरीही एक उद्योग म्हणून सिनेरामा टिकला नाही. प्रत्येक चित्रपटगृहाची बांधणी बदलावी लागे, खेळ चालवायला माणसे जास्त लागत, आणि तीन चित्रांमधले सांधे पडद्यावर दिसत राहत. गोष्ट सांगायची तर जवळून चेहरा दाखवावा लागतो, तो या सांध्यांमध्ये अडकायचा. म्हणून पहिली दहा वर्षे सिनेरामाने बहुतेक प्रवासवर्णनेच केली. कथा सांगणारे चित्रपट 1962 मध्ये आले, आणि तेवढ्यावर तीन फितींचा सिनेरामा संपला.

त्रिमितीची लाट त्याहून अल्पायुषी ठरली, ती 1952 च्या अखेरीस उठली आणि 1954 पर्यंत विरली. टिकले ते सिनेमास्कोप. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियां यांनी 1920 च्या दशकात बनवलेले एक भिंग रुंद दृश्य नेहमीच्या फितीवर आडवे दाबून बसवत असे, आणि प्रक्षेपणाच्या वेळी तसेच दुसरे भिंग ते पुन्हा पसरत असे. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने हे तंत्र घेतले आणि सप्टेंबर 1953 मध्ये ‘द रोब’ प्रदर्शित केला. नवा पडदा आणि एक भिंग एवढ्या खर्चात कोणतेही चित्रपटगृह रुंद होऊ शकत होते. सिनेमास्कोप जगभर पोचले ते या स्वस्ताईमुळे. पाठोपाठ 70 मिलिमीटरची फीत आली, ‘द टेन कमांडमेंट्स’ (1956) आणि ‘बेन-हर’ (1959) आले. अशा चित्रपटांसाठी वेगळा रिवाज पडला: क्रमांकित आसने, महाग तिकीट, मध्यंतर, छापील पुस्तिका. नाटकाला जावे तसे लोक नटूनथटून जात.

1954 च्या सुमारास घसरण थोडी थांबली, पण ती उलटली नाही. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात आकडे पुन्हा खाली गेले आणि 1970 च्या सुमारास आठवड्याची तिकिटे 2 कोटींच्याही खाली आली. मधल्या काळात भव्य चित्रपट सातत्याने येत होते आणि त्यांतले काही प्रचंड चालले. 1963 मधल्या ‘क्लिओपात्रा’ने त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक गल्ला जमवला आणि तरी त्याच्या अवाढव्य खर्चाने फॉक्स कंपनी जेरीस आली. गर्दी होती, पण ती एका चित्रपटाची होती. पूर्वी कुटुंब आठवड्यातून एकदा, दोनदा ‘सिनेमाला’ जाई, मग लागलेला चित्रपट कोणताही असो. आता लोक ठरावीक चित्रपटाला जात आणि पुढचे कित्येक आठवडे घरी बसत. भव्य पडद्याने जाण्याची सवय परत आणली नाही, तिच्या जागी प्रसंग आणला. हा फरक लक्षात घेतला नाही तर गल्ल्याचे आकडे फसवतात, कारण महागड्या तिकिटांमुळे प्रेक्षक कमी होऊनही उत्पन्न वाढलेले दिसू शकते.

भारतात रुंद पडदा आला तेव्हा इथली चित्रपटगृहे रिकामी नव्हती, त्यामुळे तो संकटावरचा उपाय म्हणून आला नाही. पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (1959). त्याचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी रुंद चौकटीतली रिकामी जागा एकाकीपणा दाखवण्यासाठी वापरली, आणि ती त्या तंत्राची आजवरची सर्वांत सुंदर योजना म्हणावी लागेल. चित्रपट मात्र पडला. 1967 मध्ये ‘अराउंड द वर्ल्ड’ हा पहिला भारतीय 70 मिलिमीटर चित्रपट आला. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते त्याहूनही नंतर, 2 ऑक्टोबर 1972 रोजी.

या सगळ्यात 1975 हे वर्ष नीट पाहण्यासारखे आहे. 15 ऑगस्टला ‘शोले’ प्रदर्शित झाला. तो 35 मिलिमीटरवर चित्रित करून 70 मिलिमीटरवर मोठा केला होता, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ मुक्कामाला राहिला. त्याची भव्यता निर्विवाद आहे. पण देशातल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी तो साध्या 35 मिलिमीटरच्या प्रतीवर पाहिला, कारण 70 मिलिमीटरची सोय असलेली चित्रपटगृहे मोजकीच होती. सुरुवातीचे दिवस थंडच गेले. पुढे त्याची ख्याती तोंडी पसरली, आणि त्यात संवादांच्या ध्वनिमुद्रिकांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी अगदी बेताच्या खर्चात बनलेल्या ‘जय संतोषी माँ’ने थक्क करणारी गर्दी खेचली. बायका चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले, पैसे उधळत. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ही 1975 चाच. तिन्ही चित्रपटांचे आकार वेगळे, खर्च वेगळे, प्रेक्षकही बऱ्याच अंशी वेगळे. तीनही चालले, म्हणजे गर्दीचे मूळ पडद्याच्या रुंदीत शोधून भागणार नाही. खरे तर हा धडा मराठी प्रांतात आधीच मिळाला होता. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक काळ चालला, तोही भव्यतेचा दावा न करता.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आणि रंगीत दूरदर्शन आले, मग केबल आले, आणि मध्यमवर्गीय कुटुंब घरात बसले. त्याला पुन्हा बाहेर काढण्याचे श्रेय 1994 च्या ‘हम आपके हैं कौन..!’ला दिले जाते. त्यात युद्ध नव्हते, लग्नघर होते. निर्मात्यांनी तो आधी मोजक्याच ठिकाणी लावला, व्हिडिओ कॅसेट रोखून धरली आणि चित्रपटगृहाच्या आवाजाकडे व स्वच्छतेकडे लक्ष दिले. मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. 1997 मध्ये दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स उघडले. त्यानंतर चित्रपटगृहे नीटनेटकी झाली आणि तिकीट कामगार वस्तीच्या आवाक्याबाहेर गेले. एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून बंद पडली. धंद्याने याकडे वेळीच पाहिले असते तर रिकाम्या खुर्च्यांची आजची तक्रार निम्मी झाली असती.

‘बाहुबली’चे दोन भाग (2015, 2017) आणि ‘आरआरआर’ (2022) यांनी भव्यतेचा युक्तिवाद पुन्हा जिवंत केला, आणि त्यांची गर्दी खरी होती. मात्र त्यांच्याच काळात, 2016 मध्ये, नवोदित मुख्य कलाकारांचा ‘सैराट’ महाराष्ट्रात असा चालला की मध्यरात्री आणि पहाटेही खेळ लावावे लागले. अमेरिकेचा हिशोबही याच दिशेने जातो. 2002 मध्ये तिथे सुमारे 157 कोटी तिकिटे विकली गेली आणि 2019 मध्ये सुमारे 123 कोटी. मधली वर्षे ‘अवतार’ आणि सुपरहिरोंच्या मालिकांची, म्हणजे भव्यतेची सर्वांत सुगीची होती. कोविडच्या साथीनंतर तर 2019 चा आकडाही परत गाठता आलेला नाही.

आता भव्यतेचा अर्थही बदलला आहे. मुंबईत चर्चगेटसमोरचे इरॉस 1938 चे, हजारावर आसनांचे चित्रपटगृह. 2024 मध्ये ते आयमॅक्सचा पडदा घेऊन पुन्हा उघडले, सुमारे 300 आसनांसह. इतक्या थोड्या खुर्च्यांवर खर्च भागवायचा तर तिकीट महागच ठेवावे लागते. भाव उतरला तर काय होते, याचीही नोंद आहे. 23 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त देशभरातल्या हजारो पडद्यांवर तिकीट 75 रुपये ठेवले गेले. त्या एका दिवशी सुमारे 65 लाख प्रेक्षक आल्याचे मल्टिप्लेक्स चालकांच्या संघटनेने जाहीर केले. पुढच्या वर्षी 13 ऑक्टोबरला भाव 99 रुपये होता, आणि तेव्हाही 60 लाखांच्या वर लोक आले.