कालची उतरली नाही



गागोदे बुद्रुक म्हटलं की लोक विनोबांचं नाव घेतात. विनोबा भावे 11 सप्टेंबर 1895 ला पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. माझा बापही गागोदे बुद्रुकचाच. त्याची जन्मतारीख घरात कुणालाच माहीत नाही. मरणतारीख मात्र मला पाठ आहे, कारण त्या मरणात माझाही वाटा आहे. म्हणून हे लिहायला बसलो. मी कॉलेजात शिकलेला नाही. भाताच्या गिरणीत पोती उचलतो, जमेल तसं वाचतो, कधी कविता होते.

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. बाप दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायचा. दिवसभर गुडघाभर चिखलात, पायाला भेगा. संध्याकाळी थोडी घ्यायचा. एका सकाळी तो उठलाच नाही. डोळे लालबुंद, डोकं फुटतंय, पोटऱ्या ठणकतायत, दोन उलट्या झाल्या. मला बोलला, "बाला, अंगात कणकण हाय रं." मी रात्रपाळी करून आलेला. आदल्याच आठवड्यात आम्ही पोरांनी वाड्यात व्यसनमुक्तीची सभा घेतली होती. भाषण माझंच होतं, आणि माझाच बाप असा पडलेला. लाज वाटली. मी तोंडावर बोललो, "कालची उतरली नाही तुझी. पड गप."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला. तिथं पहिला प्रश्न, "पितो का?" मी मान हलवली. झालं, तपासणी संपली. थर्मामीटर लावला नाही, पोटरी दाबून पाहिली नाही. पाच गोळ्या आणि एक उपदेश. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. शेजारी बोलले, दारूनं लिव्हर खाल्लं. सहाव्या दिवशी लघवी बंद. मग मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा कळलं, लेप्टोस्पायरोसिस. आठव्या दिवशी बाप गेला. कागदावर लेप्टो लिहिलंय. गावात अजून म्हणतात, दारूनं मेला.

बाप गेल्यावर मी जी दिसतील ती पुस्तकं वाचली, डॉक्टरांना गाठून विचारलं. त्यातून कळलं ते साधं आहे. दारू उतरताना डोकं दुखतं, मळमळतं, घाम येतो, हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून अंग गरम लागतं, पण आतली उष्णता उलट कमी होते. खरा ताप, म्हणजे थर्मामीटरवर 100.4 च्या वर, हे निव्वळ उतरणाऱ्या दारूचं लक्षण नाही. ताप असला तर दुसरं काहीतरी आहे. मलेरिया असेल, न्यूमोनिया असेल, दारूनंच सुजलेलं लिव्हर किंवा स्वादुपिंड असेल. आणि पावसात, शेतात, गटारात काम करणाऱ्याला लेप्टो असेल.

लेप्टो बघा कसा फसवतो. उंदीर-घुशींच्या मुतातला जंतू पाण्यात मिसळतो आणि पायाच्या भेगांतून शिरतो. मग लाल डोळे, डोकेदुखी, उलटी, अंगदुखी. दारूड्याचं चित्र काढायला सांगा, हेच काढतील. 1886 मध्ये वाइल या जर्मन डॉक्टरनं या कावीळ-तापाचं वर्णन केलं. 1915 मध्ये जपानी डॉक्टरांनी जंतू शोधला, तिथं तो कोळसा खाणीतल्या कामगारांना पछाडत होता. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत याच रोगानं माणसं मेली. खाणकामगार, सफाई कामगार, शेतमजूर. रोगालासुद्धा आमचा पत्ता पाठ आहे. आणि वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो.

मग प्रश्न उरतो की ते वाक्य माझ्या जिभेवर आलं कुठून? मी काही ते त्या सकाळी तयार केलं नव्हतं. त्याला इतिहास आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्यातनं जातो.

रायगड जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं. 1878 मध्ये मुंबई सरकारनं अबकारी कायदा केला. मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा झालं, आणि दारू गाळायचा-विकायचा हक्क मक्तेदारांकडे गेला. तरी जंगलात मोह फुलतच होता. फुलावर कायदा कसा चालवणार? तोही चालवला. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाचा वेगळा कायदा आला आणि फुलं जवळ बाळगण्यावर सरकारचं नियंत्रण बसलं. विनोबांच्या जन्माआधी तीन वर्षं. कातकरी-ठाकरांना मोहाचं फूल म्हणजे दुष्काळातलं अन्नसुद्धा. ते गोळा करणारा गुन्हेगार, आणि त्याच मोहाची दारू दुकानात विकत घेणारा सरकारचं गिऱ्हाईक. अबकारीनं तिजोरी भरली. त्याच काळातल्या सरकारी गॅझेटियरांत जातीजातींची वर्णनं छापली गेली, कोण कष्टाळू, कोण आळशी, कोण दारूडे. दारूचा पैसा सरकारचा झाला आणि दारूडा हे नाव आमचं झालं.

आता तापाची वही उघडू. इंग्रजांनी मरणाच्या नोंदी सुरू केल्या. गावात डॉक्टर नव्हता, पाटील-कुलकर्णी विचारून लिहायचे. पटकी, देवी असले ओळखू येणारे रोग सोडले तर उरलेलं बहुतेक मरण 'ताप' या एका शब्दात जायचं. मलेरिया, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, सगळं ताप. आणि मयताची खबर पोचवायचं काम कुणाचं? महाराचं. ते वतनी काम होतं, ऊन-पावसात गावोगाव पळायचं. आमच्या आज्या-पणज्यांनी साऱ्या गावाची मरणं पायांनी वाहिली. त्यांची स्वतःची मरणं एका शब्दात गेली. महार वतन कायद्यानं रद्द झालं ते 1958 मध्ये. शब्दात कोंबण्याची सवय रद्द झाली नाही. तेव्हा 'ताप' लिहून मोकळे व्हायचे, आता 'पितो' ऐकून मोकळे होतात.

स्वातंत्र्य आलं. 1949 मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. हा कायदा अजून महाराष्ट्रात आहे. त्यात दोन दारं ठेवली. एका दारातून जो जातो त्याला प्रकृतीसाठी दारू लागते म्हणून परवाना मिळतो. त्याची दारू औषध. दुसऱ्या दारात पोलीस उभा. तिथं डॉक्टर रक्त काढतो ते आजार शोधायला नव्हे, दारूचं प्रमाण मोजायला, म्हणजे खटला उभा राहील. दारू तीच, डॉक्टरही तोच. एकाच्या अंगात त्याला प्रकृती दिसते आणि दुसऱ्याच्या अंगात गुन्हा. एवढी वर्षं हे चाललं तर दवाखान्यातला पहिला प्रश्न "ताप किती?" असा न येता "पितो का?" असा येणारच.

याची किंमत मुंबईनं मोजली आहे. डिसेंबर 2004 मध्ये विक्रोळीत विषारी दारूनं ऐंशीहून जास्त माणसं मेली. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर मेली. असल्या दारूत मिथेनॉल असतं. ते लगेच मारत नाही. शरीरात त्याचं हळूहळू फॉर्मिक ॲसिड होतं. बारा तास, चोवीस तास, मग डोकं दुखतं, उलटी होते, पोट दुखतं. अगदी रोजच्या उतरणीसारखं. माणूस पडून राहतो, घरचे म्हणतात कालची उतरली नाही. मग डोळ्यांपुढं धुकं येतं. ते एक वाक्य जे तास खातं त्या तासांत माणूस वाचू शकतो.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, म्हणजे दारूची वकिली करतोस काय? नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मी घेतली आहे आणि पाळतो. पण प्रतिज्ञा मी माझ्या घशासाठी घेतली, बापाला मोजायला नव्हे. त्याच प्रतिज्ञांत सगळ्या प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. त्या सकाळी मी एक पाळली आणि दुसरी मोडली. गॅझेटियर लिहिणारा साहेब आणि सभेत बोलणारा मी, दोघं एकच वाक्य बोललो. त्याच्या बोलण्यात माज होता, माझ्या बोलण्यात लाज. बापाला त्यानं काय फरक पडला?

म्हणून वाड्यावाड्यात काम करणाऱ्या पोरांनो, एवढं करा. व्यसनमुक्तीच्या सभेला जाताना खिशात थर्मामीटर ठेवा. उतरणारी दारू दिवसभरात उतरते. संध्याकाळपर्यंत माणूस सुधारला पाहिजे. ताप भरला असेल तर थांबू नका. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली आणि दोन-तीन दिवसांत ताप, थरथर, नसलेलं दिसणं सुरू झालं तर त्याला भूत लागलेलं नाही, त्याला हॉस्पिटल लागतं. घरी ठेवला तर मरू शकतो. नजर धूसर झाली तर एक तासही घालवू नका. डॉक्टरला तो पितो हे लपवू नका, पण त्याच श्वासात सांगा की तो चिखलात काम करतो. ताप किती आहे तो आकडा कागदावर लिहून मागा. नाही लिहिला तर तिथून उठू नका.

बाप गेल्यावर त्याच्या पेटीत काही नव्हतं, एक कोयता आणि बाबासाहेबांचा जुना फोटो. तो फोटो आता माझ्या भिंतीवर आहे. त्याच्याखाली खिळ्याला मी थर्मामीटर टांगलाय. वाड्यातलं कुणी मध्यरात्री हाक मारलं की तो घेऊन जातो. पिणारा असला तर आधी जातो.