कार्बोनेटांचे औष्णिक अपघटन

धातूचे कार्बोनेट तापवले की त्याचे ऑक्साइड व कार्बन डायऑक्साइड वायू यांत होणारे विघटन. याचे घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे चुनाभट्टी.

भट्टीत घालायचे कार्बोनेट प्रत्येक भागात वेगळे; उदाहरणार्थ, जालना जिल्हा बेसॉल्टच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. सिमेंट कारखान्यांना पुरेल असा चुनखडक म्हणून यवतमाळ-चंद्रपुराकडे शोधावा लागतो. इथे मिळते ती काळ्या जमिनीतली खड्याखड्यांची चुनखडी, म्हणजे कंकर. बेसॉल्ट झिजताना सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर खाली उतरते आणि कोरड्या हवामानात कार्बोनेट होऊन साचते. मोसंबी लावणारा अशी जमीन टाळतो, कारण तिच्यात झाडाला लोह मिळत नाही व पाने पिवळी पडतात. भट्टीला मात्र हेच खडे चालतात.

सुमारे ९०० अंश सेल्सिअसला १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून ५६ किलो चुनकळी (कॅल्शियम ऑक्साइड) उरते व ४४ किलो वायू निघून जातो. वजनातली ही तूट हवेत गेलेल्या वायूची आहे, हे जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूने दाखवले.

कंकर शुद्ध नसतो, आणि गणित चुकते ते इथेच. समजा १,००० किलो कोरड्या कंकरात ७० टक्के कार्बोनेट आहे. मग हिशोब ७०० किलोंचाच धरायचा: चुनकळी ३९२ किलो, वायू ३०८ किलो. भट्टीतून मात्र ६९२ किलो माल निघतो, कारण ३०० किलो माती-वाळू त्यातच राहते. ही माती अगदीच वाया जात नाही. तिच्यातल्या चिकणमातीमुळे असा चुना ओलाव्यातही घट्ट होतो.

इतर कार्बोनेटांत प्रमाण बदलते. १०० ग्रॅममागे मॅग्नेशियमचे सुमारे ५२ ग्रॅम, तर जस्ताचे ३५ ग्रॅम घटते. जस्ताचे ऑक्साइड गरम असताना पिवळे, थंड झाल्यावर पांढरे दिसते. सोडियम व पोटॅशियम यांची कार्बोनेटे बर्नरच्या आचेला दाद देत नाहीत.

वरच्या उदाहरणातली ३९२ किलो चुनकळी विरवायला १२६ किलो पाणी लागते व ५१८ किलो विरलेला चुना मिळतो. प्रत्यक्षात पाणी जास्त घालतात, कारण बरेचसे वाफ होऊन उडते. भिंतीत हा चुना हवेतून तोच ३०८ किलो वायू सावकाश परत घेतो, १२६ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा ७०० किलो कार्बोनेट होतो.