पक्क्या टपाची मोटार

रेल्वेच्या पहिल्या वर्गातील दोघा प्रवाशांच्या छोट्या खोलीला आपण ‘कुपे’ म्हणतो. हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘कापलेला’ असा आहे. घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळात समोरासमोर बसून जाण्याची मोठी बंद गाडी असे. तिची पुढची बैठक, म्हणजे घोड्यांकडे पाठ करून बसणाऱ्यांची जागा, कापून टाकली आणि दोघांपुरती आटोपशीर बंद गाडी केली, ती कुपे. बग्गीवाल्यांचा हा शब्द पुढे रेल्वेने उचलला व मोटारवाल्यांनीही उचलला. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती मोटारही हीच: दोघांची, वेगाची, आणि डोक्यावर पक्का टप असलेली.

मोटारीला टप असावा की नसावा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. तथापि इंग्लंड-अमेरिकेतील मोटारशौकिनांत या प्रश्नावर कित्येक पिढ्या वाद चालत आलेला आहे, आणि त्या वादाच्या पोटात आपल्याही ओळखीचा एक प्रश्न आहे. एखाद्या वस्तूवर आपले प्रेम आहे याची खूण कोणती मानावी? तिच्यापायी सोसलेले हाल, की तिच्याकडून घेतलेले काम?

आरंभी हा वाद नव्हताच, कारण आरंभी बहुतेक मोटारी उघड्याच असत. पाऊस आला की मुंबईच्या व्हिक्टोरियाप्रमाणे मागे घडी करून ठेवलेला कापडी टप पुढे ओढायचा, एवढीच सोय. पुढे अमेरिकेतील कारखान्यांनी बंद मोटारी स्वस्त केल्या आणि हां हां म्हणता चित्र पालटले. १९१९ साली तेथे विकल्या जाणाऱ्या दहा मोटारींत जेमतेम एक बंद असे. १९२७ साली हेच प्रमाण शंभरांत पंचाऐंशींवर गेले. डॉक्टर, वकील, व्यापारी, कुटुंबवत्सल गृहस्थ, सगळ्यांनी टप पत्करला. उघडी राहिली ती एक स्पोर्ट्स मोटार.

येथेच मौजेची गोष्ट घडली. सगळेच उघडे होते तोवर उघडेपणाला काही विशेष अर्थ नव्हता. सगळ्यांनी टप घेतल्यावर टप नसणे ही निष्ठेची खूण झाली. १९४५ साली इंग्लंडातील अॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघू लागलेली एमजी टीसी ही त्या पंथाची जणू दैवतमूर्तीच होती. दारांना वरखाली होणाऱ्या काचा नाहीत. त्यांच्या जागी खोचायचे पडदे. कापडी टप उभारायचा तर गाडी थांबवून खाली उतरायचे. इंग्लंडातल्या पावसात हे सारे करता करता माणूस भिजायचा तो भिजायचाच. पण भिजण्यातच भक्ती आहे, अशी त्या मंडळींची श्रद्धा होती. बंद गाडीतून येणाऱ्याकडे ते जरा कीव केल्यासारखे पाहत.

या श्रद्धेला पहिला तडा सुखलोलुप माणसांनी दिला असता तर नवल नव्हते. वस्तुतः तो दिला शर्यतवाल्यांनी, आणि तोही वेगासाठी.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटारीला रोखणाऱ्या हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या जोराशी झुंजायला एंजिनाची जी शक्ती खर्ची पडते ती घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेपुरती शक्ती आठपट हवी. उघड्या मोटारीत समोरच्या काचेवरून आलेली हवा बैठकीच्या पोकळीत कोसळते, तेथे भोवरे धरते, आणि ते भोवरे गाडीला मागे खेचतात. पोकळीवर टप घालून तो शेपटीकडे उतरता नेला, तर तीच हवा पाठीवरून निमूटपणे सरकते. दुसरे कारण मजबुतीचे. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके झाकण काढून हातांत धरावे आणि पिळावे. ते सहज पिळवटते. झाकण चिकटवून टाकले की तेच खोके ताठ होते. मोटारीचेही तसेच आहे. सांगाडा पिळवटला की चाकांची जमिनीवरील पकड बिघडते. सांगाडा ताठ असला की चालकाच्या हाताला गाडी खरी वाटते.

जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कारखान्याची ३२८ ही १९३६ सालची उघडी मोटार नावाजलेली होती. पण १९४० साली इटलीत ब्रेश्याच्या परिसरात झालेली मिले मिल्या शर्यत तिच्याच बंद अवताराने जिंकली. मिलानच्या तूरिंग कारागिरांनी तिला हलके, गुळगुळीत कवच चढवले होते, आणि ताशी सुमारे १६७ किलोमीटर या सरासरीने ती धावली. १९५२ साली मर्सिडीझची बंद ३०० एसएल फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकून गेली. तिचा सांगाडा बारीक नळ्यांच्या जाळीचा, आणि ती जाळी बगलेला इतकी उंच आलेली की नेहमीसारखे दार बसेना. म्हणून दारे टपाला बिजागरी लावून वर उघडणारी केली. १९५४ पासून ती विक्रीला आली तेव्हा ती पंखासारखी दारे पाहायला लोक गर्दी करीत. लोकांना ते नखरे वाटले. मुळात ती अडचणीतून काढलेली वाट होती. या गाडीच्या बाबतीत क्रमही उलटा झाला. बंद मोटार आधी आली, उघडी मागाहून, १९५७ साली.

त्याच १९५२ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एक प्रसंग आम्हांस या सर्व इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो. जॅग्वार कंपनीचे विल्यम लायन्स यांनी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात एक्सके १२० ही उघडी मोटार मांडून सर्वांना थक्क केले होते. १९५१ साली तिचाच पक्क्या टपाचा भाऊ आला. त्याला वरखाली होणाऱ्या काचा, आत अक्रोडाच्या लाकडाची सजावट. जुन्या भक्तांना ही चैन वाटली असल्यास नवल नाही. मग पॅरिसजवळच्या माँलेरी येथील चक्राकार मार्गावर स्टर्लिंग मॉस, लेस्ली जॉन्सन, जॅक फेअरमन आणि बर्ट हॅडली या चौघांनी पाळीपाळीने तीच बंद गाडी सात दिवस व सात रात्री पळवली. अंतर झाले १६,८५१ मैल, आणि सरासरी वेग ताशी शंभर मैलांच्या किंचित वर. सात रात्रींचा वारा अंगावर घेऊन असा पल्ला गाठायचा झाला असता तर माणसे एंजिनाच्या आधी थकली असती. टपाने माणसाला वाचवले, आणि म्हणून गाडीला आपली ताकद दाखवता आली.

यानंतर दोन्ही रूपे बरोबरीने जन्माला येऊ लागली. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची ई-टाइप आली. तिचा आकार विमानांच्या कारखान्यात शिकलेल्या माल्कम सेयर यांनी गणिताने काढलेला होता. प्रदर्शनासाठी इंग्लंडहून बॉब बेरी यांनी जी गाडी वाटेत कोठे न रेंगाळता चालवत आणली ती पक्क्या टपाची. तिच्यातून फेरी मारण्यासाठी इतकी रीघ लागली की लायन्स यांनी दुसरी गाडी मागवली, आणि नॉर्मन ड्यूइस यांनी रातोरात कॉव्हेंट्रीहून ती उघडी गाडी जिनिव्हाला पोचवली. इंग्रजी मोटार-नियतकालिकांनी दोघींची परीक्षा घेतली, तेव्हा बंद गाडीने ताशी दीडशे मैलांची रेषा निसटती ओलांडली, आणि उघडी त्या रेषेच्या किंचित अलीकडे राहिली. फरक मैलभराचा, पण शौकिनांच्या वादात मैलभर पुष्कळ होतो.

सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या गाड्यांतही हेच घडले. ट्रायम्फची स्पिटफायर १९६२ साली उघडीच निघाली. तिच्या शर्यतीच्या गाड्यांना ले मान्ससाठी उतरता पक्का टप बसवला, आणि १९६५ साली त्यांतील एकीने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. पुढल्याच वर्षी तसाच टप आणि सहा सिलिंडरांचे दोन लिटरचे एंजिन घेऊन जीटी-६ बाजारात आली. एमजीबी १९६२ सालची. तिला टप हवा ही कारखान्याचे प्रमुख जॉन थॉर्नले यांची इच्छा. त्यांच्या डोळ्यांपुढे ॲस्टन मार्टिनच्या महागड्या बंद मोटारी होत्या. पण कारखान्यातल्या मंडळींनी काढलेला टप काही केल्या शोभेना. शेवटी काम इटलीतील पिनिनफारिना यांच्याकडे गेले. त्यांनी समोरची काचच थोडी उंच केली, आणि सगळी रेषा जुळून आली. १९६५ साली ही एमजीबी जीटी आली. वजन वाढल्यामुळे सुरुवातीची झेप थोडी मंदावली, पण शेवटचा वेग कमी झाला नाही. मागे वर उघडणारे दार आणि लहान मुलांपुरती बैठक मिळाली. लग्न झाले, मूल झाले, तरी स्पोर्ट्स मोटार विकायला नको, असा दिलासा या गाडीने हजारो तरुणांना दिला. १९८० साली अॅबिंग्डनचा कारखाना बंद पडेपर्यंत अशा सव्वा लाख गाड्या तयार झाल्या.

मग टप घातला की झाले, असे आहे काय? तसेही नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत उघड्या मोटारींवर कायद्याने बंदी येणार अशी हूल उठली. त्या धास्तीने ट्रायम्फची टीआर-७ ही नवी मोटार १९७५ साली केवळ बंद रूपात काढली गेली. बंदी काही आली नाही, आणि १९७९ साली कंपनीला तिची उघडी आवृत्ती काढावी लागली. पुष्कळांना तीच अधिक देखणी वाटली. एमजीबीचा टप गरजेतून उगवला होता, टीआर-७ चा भीतीतून लादला गेला होता. शौकिनांना हा भेद सांगावा लागत नाही.

बाजाराचा कौल मात्र उघड्या गाडीकडेच राहिला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ साली ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली, ती उघडी. जुन्या मोटारींच्या बाजारात एकाच नावाच्या दोन रूपांपैकी सामान्यतः उघडीलाच किंमत जास्त येते. त्या लोभाने कित्येक बंद ई-टाइप गाड्यांचे टप करवतीने कापून त्या उघड्या करण्यात आल्या. आम्हांस या गोष्टीचे वाईट वाटते. टप कापल्याने गाडी उघडी होते, पण ती मूळची उघडी गाडी होत नाही. आणि जी बंद गाडी होती ती कायमची जाते. कागदोपत्री तिचा क्रमांक राहतो, तिचा आकार राहत नाही.

आज बंद गाडीचे चाहते वाढत आहेत, आणि त्यांपैकी अनेक जण तिची थट्टा करीतच मोठे झालेले आहेत. ते सांगतात ते साधेच असते. उघडी गाडी चांगल्या हवेच्या रविवारी बाहेर निघते. बंद गाडी सोमवारी कामाला नेते, पावसात नेते, दूरच्या गावी नेते. जी रोज चालते तिचा आवाज, तिची खोड, तिचे दुखणे मालकाला कळते.

आरंभीच्या प्रश्नाकडे वळून एवढेच म्हणावेसे वाटते की, पावसात भिजणारे भक्त खोटे नव्हते. त्यांच्या हौसेनेच या मोटारी जगल्या. पण हाल सोसणे हीच निष्ठा असे ठरवले, की वस्तूपेक्षा आपले सोसणेच आपल्याला प्रिय होऊ लागते. माँलेरीच्या सातव्या रात्रीही त्या बंद गाडीचे दिवे वर्तुळात फिरतच होते. तिच्या टपाला नावे ठेवणाऱ्याने आधी तेवढे मैल मोजावेत.