जुन्नरचा अनाहूत पाहुणा

ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि बारामती, निमगाव केतकी, इंदापूर अशी मजल दरमजल करीत पंढरीस जाते. या पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याइतका सिद्ध प्रवासी जगात क्वचितच आढळेल. मुक्काम कोठे, पाणी कोठे, सराटीपाशी नीरा कशी ओलांडावयाची, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. बापाने तुडविलेली वाट मुलगा तुडवितो. आम्हां भीमा-नीरेकाठच्या मंडळींची प्रवासाची कल्पना या वारीनेच घडली आहे. परंतु आमच्याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, जुन्नरास, पंधराव्या शतकात असा एक वाटसरू येऊन पडला की ज्यास ना वाट ठाऊक होती, ना मुलूख, ना पुढे काय वाढून ठेविले आहे याची कल्पना. त्याचे हे अज्ञान आमच्या इतिहासास फार उपकारक झाले आहे, असे आमचे मत आहे.

हा अफानासी निकीतीन, रशियातील त्वेर शहरचा व्यापारी. हिंदुस्थानास यावयाचे असा संकल्प करून तो घरून निघालाच नव्हता. व्होल्गा नदीने खाली उतरून शिरवानाकडे व्यापारास जावे, एवढाच त्याचा बेत. पण आस्त्राखानजवळ तातारांनी काफिला लुटला आणि निकीतीनचा माल गेला. त्याबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. या हानीचे मोल त्यास पुढे कळावयाचे होते. लुटल्या गेलेल्या सोबत्यांपैकी ज्यांचे मायदेशी काही शिल्लक होते ते परतले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले, असे तो स्वतःच लिहितो. त्याची गती काय झाली हे यावरून उघड आहे. बाकू, इराण, होर्मुझ असे करीत तो एका गलबतातून चौलास उतरला. हे साल १४६९ की १४७१, याविषयी रशियन पंडितांत मतभेद आहे. त्याच्यापाशी विकावयास एक घोडा होता आणि त्याचे सारे भांडवल काय ते त्या घोड्यात.

घोडा आणण्यात चूक नव्हती. बहमनी राज्यास आणि विजयनगरास समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांची सदैव निकड असे. बाकी हिशेब मात्र साफ चुकला. रशियास नेण्याजोगा माल येथे विपुल मिळेल असे मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यास सांगितले होते. येथे येऊन पाहतो तो मिरी आणि रंग स्वस्त खरे, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे फार. त्या व्यापाऱ्यांस त्याने जी शेलकी विशेषणे वाहिली आहेत, ती येथे देण्याचे प्रयोजन नाही.

चौलाहून पालीवरून घाट चढून सुमारे तीन आठवड्यांनी तो जुन्नरास पोचला. वाटेत गोरा माणूस पाहावयास लोक मागे लागत, आणि तो त्यांच्या उघड्या अंगाकडे व एका वेणीकडे पाहत राही. जुन्नरात पावसाने त्यास गाठले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्यातच लोक नांगरतात व पेरतात, हे त्याला विलक्षण वाटले. पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो; त्याच्या देशी माणसे ज्या ऋतूत घरात कोंडली जातात तो हिवाळाच. घोड्यास हरभरा घालतात, साखर-लोणी घालून खिचडी शिजवितात, हे तो टिपून ठेवतो. जुन्नरचा गड माणसाने बांधलेला नसून देवाने घडविलेला, आणि वर जाण्याची वाट इतकी अरुंद की दोघांना एकदम जाता येऊ नये, असे तो सांगतो. शिवनेरीचे हे वर्णन शिवजन्माच्या दीडशे वर्षांहून आधीचे आहे! दरबारी बखरकार हरभऱ्याचा उल्लेख कशास करील? तो त्याच्या नित्याचा. ज्यास घोडा जगवावयाचा आहे आणि काय घालावे हे ठाऊक नाही, तोच हरभरा लिहून ठेवतो. उतारूंसाठी बायका रांधतात व अंथरूण घालतात, असे सांगून तो पुढे आणखीही काही सांगतो. परंतु सराईतील रीत आणि गृहस्थाच्या घरची रीत यांतील भेद त्यास उमगला नाही, एवढे म्हणून आम्ही तो विषय सोडतो.

जुन्नर त्या वेळी असदखानाच्या ताब्यात होते, आणि असदखान मलिक-उत्-तुज्जार महमूद गावान याच्या हाताखालचा. निकीतीनने ख्वाजा यूसुफ खुरासानी असे नाव घेतले होते. फारसी-तुर्की मिश्रित बाजारभाषाही त्यास येत होती. परंतु हा मुसलमान नव्हे, रशियन आहे, हे खानास कळले. त्याने घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली : धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी, न बदललास तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी दंड. मुदत संपत आली, इतक्यात मुहंमद नावाचा एक खुरासानी ख्वाजा गावात आला. निकीतीनने त्याचे पाय धरले. ख्वाजाने रदबदली करून घोडा सोडवून दिला आणि धर्मावरचे संकट टळले. गांजणारा खान मुसलमान, तसा तारणाराही मुसलमानच, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. या प्रसंगानंतर त्याने आपल्या देशबांधवांस जो सल्ला लिहून ठेविला आहे तो मोठा कडवट आहे : हिंदुस्थानात यावयाचे असेल तर आपला धर्म रशियातच ठेवून या.

तेथून महिनाभर चालून तो बहमनी राजधानीस, बीदरास गेला. घोडा तेथे विकला. लुटलेल्या ग्रंथांची उणीव आता खरी भासू लागली. ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, हे सांगणारे काही जवळ नाही. मग मुसलमानांच्या बैरामावरून तो अदमास बांधतो : ईस्टर त्याच्या नऊ-दहा दिवस आधी असावा. तिथी हरवलेल्या माणसाची ही तळमळ पंचांग पाळणाऱ्या आमच्या घरांतून सहज समजावी. येथील हिंदूंस त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे सांगून टाकले, तेव्हा ते त्याच्यापासून काही लपवीनासे झाले. शिवरात्रीस तो त्यांच्याबरोबर श्रीशैलाच्या यात्रेस गेला. प्रवासात प्रत्येक जण आपला अन्न शिजविण्याचा गडू बरोबर बाळगतो, हेही त्याने पाहून ठेवले.

त्याचे सर्वच म्हणणे प्रमाण धरावे असे मात्र नाही. या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि रेडेच निपजतात, असे तो लिहितो. बंदरात उतरणारे घोडे आणि त्यांचे भाव पाहून त्याची तशी समजूत झाली असावी. पुढे भीमा-नीरेच्या खोऱ्यातील तट्टांनी मराठ्यांच्या घोडदळात जे नाव मिळविले, ते पाहता आमच्या बाजूचा माणूस या वाक्याशी थबकतोच. इंग्रजी अमदानीत बारामती-दौंडचा मुलूख ज्या तालुक्यात मोडे, त्याचे नावच भीमथडी होते.

परतीच्या वाटेवर दाभोळास तो गलबतात बसला, होर्मुझ, त्रेबिझोंद व काळा समुद्र ओलांडून काफ्यापर्यंत पोचला, आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडे, त्वेरास पोचण्यापूर्वीच, वारला. वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोस नेल्या आणि १४७५ साली त्या तेथील बखरीत उतरविल्या गेल्या. लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने त्यांचे इंग्रजी भाषांतर छापले ते १८५७ साली. मायभूमीसाठी केलेली एक प्रार्थना त्यात आहे : तिच्यासारखा देश नाही, जरी तेथील सरदार अन्यायी असले तरी. ती त्याने रशियनमध्ये न लिहिता त्या बाजारभाषेत लिहिली, म्हणजे घरच्या सरदारांस वाचता येऊ नये.