राजीनामा आणि मुलाचें हित

आज ‘राजीनामा’ म्हटलें कीं नोकरी सोडल्याचा कागद डोळ्यांपुढें येतो. मराठेशाहींतील पंचायतींत मात्र तो संमतीचा लेख होता. पंच सांगतील तें मान्य करूं, असें उभय पक्ष आधीं लिहून देत. निवाड्यानंतर हरलेला येजितखत देई. शेताच्या बांधाचा तंटा असा मिटे. परंतु तंटा मुलाच्या ताब्याचा असेल, तर संमति कोणाची? ज्याच्या आयुष्याची वांटणी व्हावयाची, त्याची सही त्या कागदावर नसते.

धाराशिवचा मुलूख निजामाच्या राज्यांतला. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांकडे गेला व १८६० सालीं परत निजामाकडे आला. त्यामुळें इंग्रजी मुलखांतील १८९० चा पालक व पाल्य कायदा येथें आपोआप लागू झाला नाहीं. १९४८ त निजामी अंमल संपला आणि १९५१ सालीं तो कायदा हैदराबाद राज्यास लागू झाला. पालक नेमतांना न्यायालयानें अज्ञानाचें हित पाहावें, आणि मूल समजत्या वयाचें असल्यास त्याची पसंतीही विचारांत घ्यावी, असें त्याचें सतरावें कलम सांगतें.

मग आईबापांनीं आपखुषीनें केलेल्या तडजोडीस किंमत नाहीं काय? आहे. भांडण लांबलें कीं त्याची झळ मुलासच लागते. म्हणून १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें समेटाचा प्रयत्न करणें न्यायालयाचें कर्तव्य ठरविलें. पण समेट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ताब्याचे हुकूम स्वभावतःच तात्पुरते असून, संमतीनें झालेले हुकूमही पाल्याच्या हितासाठीं बदलतां येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं दिला.

धाराशिव जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहिलें म्हणजे या निर्वाळ्याचें मर्म कळतें. पावसाळ्यांत ‘मूल आईजवळ’ असें ठरलें, आणि दिवाळीच्या सुमारास आई कोयता घेऊन परजिल्ह्यांत निघाली, तर त्या मुलाची शाळा कोठें? कागद तोच राहतो. परिस्थिति मात्र पालटते.

बांध जागच्या जागीं राहतो, मूल वाढतें. म्हणून बांधाचा राजीनामा कायमचा असावा, मुलाचा असूं नये, असें आम्हांस वाटतें. वडीलधाऱ्यांच्या एकमतावर न्यायाधीशानें शिक्का जरूर मारावा. पण त्यापूर्वीं त्या मुलाकडे एकदां नीट पाहावें.