बाभळीतला खिळा

खान्देशातल्या जुन्या बैलगाडीत बाभळीच्या लाकडातला खिळा पाहिलाय? भोवती शाईसारखा काळा डाग असतो. बाभळीतलं टॅनिन, लोखंड आणि ओल! जुनी शाईसुद्धा याच रसायनातून व्हायची. पण त्यात खिळा झिजतो, पकड सुटते. १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवायला निघाला आणि क्रोमियमचं न गंजणारं पोलाद हाती लागलं. असो.

मामांच्या धुळ्याकडच्या धाब्याच्या घरात तुळईची पट्टी खांबाला आवळायला मी स्टेनलेसचे कोच स्क्रूच निवडले. ग्रेड ३०४, समुद्राकाठचा महाग ३१६ इथे कशाला? भोक मात्र आधी पाडायचं, नाहीतर वाळलेल्या बाभळीत स्क्रू पिळतानाच तुटतो. वर छपरावर मातीचा थर, खाली मामांची खाट.