एएम रेडिओ का मागे पडला? एफएमपेक्षा तो वेगळा कशात?

तुमच्या फोनमध्ये एफएम रेडिओचं ॲप असू शकतं. पण इंटरनेटशिवाय थेट हवेतून सिग्नल पकडणारा एएम रेडिओ स्मार्टफोनमध्ये शोधूनही सापडत नाही. गंमत म्हणजे भारतातल्या रेडिओचा बहुतांश इतिहास एएमवरच घडला. २३ जुलै १९२७ ला मुंबईत सुरू झालेलं केंद्र एएम, १९५७ ची विविध भारती एएम, आणि रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला शॉर्ट वेव्हवर लागायची, म्हणजे तीही एएमच.

इथे एक गोंधळ आधी मिटवूया. एएम आणि एफएम ही बँडची नावं नाहीत, आवाज लहरीवर चढवण्याच्या पद्धतींची नावं आहेत. बोलीभाषेत आपण ज्याला 'एएम बँड' म्हणतो तो खरं तर मीडियम वेव्ह, म्हणजे आपल्याकडे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. एफएम चालतं १०८ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि त्याच्या जरा वर, ११८ मेगाहर्ट्झपासून, विमानांचे पायलट कंट्रोल टॉवरशी बोलतात. ते आजही एएमवर! कारण दोघे एकाच वेळी बोलले तर एएमवर निदान गडबड झाल्याचं ऐकू येतं. एफएम रिसीव्हर मात्र जोरदार सिग्नल धरतो आणि कमजोर सिग्नल गिळून टाकतो.

पद्धत काय आहे?

समजा रात्री समोरच्या डोंगरावरच्या मित्राला टॉर्चने निरोप द्यायचाय. एक पद्धत म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणं. दुसरी म्हणजे प्रकाश तेवढाच ठेवून रंग बदलणं. पहिली एएम, दुसरी एफएम. मध्ये धुकं आलं तर प्रकाश मंद होतो, म्हणजे पहिला निरोप बिघडतो. रंग मात्र ओळखता येतो. रेडिओच्या बाबतीत धुकं म्हणजे वीज चमकणं, मिक्सरची मोटर, ट्यूबलाइटचा चोक. हे सगळं लहरीची उंची बदलतं आणि एएमचा आवाज त्या उंचीतच असतो. म्हणून ती खरखर. एफएम रिसीव्हर उंचीतला फरक सरळ छाटून टाकतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरला याची पेटंट्स १९३३ मध्ये मिळाली.

आवाजाच्या दर्जातला फरक वेगळ्या कारणाने येतो. मीडियम वेव्हवर दोन स्टेशन्समध्ये फक्त ९ किलोहर्ट्झ अंतर असतं, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे सूर बसवायला जागाच उरत नाही. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, तोही स्टिरिओ. बातम्यांना फरक पडत नाही, पण गाण्यातली झांज एएमवर गायब होते.

एएमची खरी ताकद: अंतर

पुणे केंद्राची ओळख असलेली ७९२ किलोहर्ट्झची लहर जवळपास ३७९ मीटर लांब असते. एवढी लांब लहर जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून पुढे जाते. रात्री तर आणखी मजा. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर ही लहर शोषतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहर त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरते. म्हणून रात्री ट्रान्झिस्टरवर भलत्याच राज्याचं स्टेशन लागतं.

एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची आणि जवळपास सरळ रेषेत जाणारी. सपाट जमिनीवर १०० मीटर उंच टॉवरची नजर साधारण ४१ किलोमीटरपर्यंत पोचते. सह्याद्रीत तर घाट ओलांडला की स्टेशन गेलं.

मग घसरण का झाली?

पहिलं कारण खर्च. एएममध्ये पूर्ण क्षमतेने प्रसारण चालू असतानाही दोन तृतीयांश वीज नुसत्या वाहक लहरीवर जाते, ज्यात माहिती शून्य. (इंजिनिअरिंगला हे गणित परीक्षेत हमखास येतं.) शिवाय ७९२ किलोहर्ट्झसाठी पाव लहर म्हटली तरी ९५ मीटरचा मनोरा लागतो, आणि त्याच्याभोवती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांचं जाळं. शहराजवळ एवढी जमीन म्हणजे सोनंच.

दुसरं कारण आपण स्वतः. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर यांच्यात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्याचा कचरा नेमका मीडियम वेव्हवर सांडतो. स्टेशनचा आवाज पूर्वीइतकाच आहे, भोवतीचा गोंगाट वाढलाय. इलेक्ट्रिक गाड्यांमध्येही तेच. २०१४ च्या बीएमडब्ल्यू आय३ मध्ये एएम नव्हता. पुढे टेस्लासह इतरांनी तो काढला. फोर्डने २०२३ मध्ये तसं जाहीर केलं आणि टीका झाल्यावर निर्णय फिरवला. त्याच वर्षी अमेरिकेत प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करण्याचं विधेयकही आलं. कारण सरळ आहे: आणीबाणीच्या सूचनांसाठी तिथल्या सरकारने निवडलेल्या स्टेशन्सपैकी बरीचशी एएमवर आहेत.

तिसरं कारण फोन, आणि माझ्या मते निर्णायक घाव हाच. एफएमसाठी इअरफोनची वायर अँटेना म्हणून पुरते. एएमला फेराइटची जाडसर कांडी लागते, आणि फोनच्या आतला गोंगाट वेगळाच. जे फोनमध्ये बसलं नाही ते तुमच्या पिढीपर्यंत पोचलंच नाही.

भारतात काय झालं?

पहिलं एफएम प्रसारण मद्रासला १९७७ मध्ये झालं. २००१ पासून खासगी कंपन्या आल्या, पण त्यांना परवाने फक्त एफएमचे. त्यांना स्वतःच्या बातम्याही देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. दिशा कशी बदलली ते दोन आकड्यांत दिसतं. १९८८ मध्ये नागपूरहून राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तिचा ट्रान्समीटर १,००० किलोवॉटचा. २०२३ च्या एप्रिलमध्ये देशभरात एकदम ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, प्रत्येकी १०० वॉटचे. एका मोठ्या भोंग्याऐवजी गल्लोगल्ली छोटे स्पीकर.

आकाशवाणीने तिशीच्या वर मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीचे केले. तिथे आवाज स्वच्छ येतो आणि पल्लाही मोठा राहतो. पण वेगळा रिसीव्हर लागतो, तो काही गाड्यांपलीकडे फारसा दिसत नाही. तंत्रज्ञान चांगलं, दुकानात मात्र नाही.

एफएम तरी जिंकलं का? नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून डिजिटल रेडिओ घेतला. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने २०२४ अखेर तेच केलं.

मुद्दा फक्त आठवणींचा असता तर सोडून देता आला असता. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कोकणात कित्येक गावांत वीज आणि मोबाइल नेटवर्क अनेक दिवस नव्हतं. मोबाइल टॉवर आडवे झाले तर ॲपवरचा रेडिओ गप्प. जवळचा एफएम टॉवर गेला तर तोही गप्प. दोन सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला मात्र दीडशे किलोमीटरवरचा एखादा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर चालू असला तरी पुरतं.

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर रात्री दहानंतर मीडियम वेव्ह लावून हळूहळू काटा फिरवा. खरखर जास्त असेल तर आधी चार्जर प्लगमधून काढा. रेडिओ आडवा धरून गोल फिरवून बघा. आतली कांडी एका दिशेला जास्त ऐकते.